दुसरं वजन

सावद्याच्या रस्त्यावर पप्पांचा काटा आहे.
काटा मालकाचा, पप्पा फक्त त्याच्यासोबत जागतात.
पत्र्याची केबिन, लाल आकड्यांची पाटी
आणि समोर जमिनीत पुरलेला लोखंडी पूल
ज्याच्याखालून कधीच काही वाहत नाही.

रात्रीचे अकरा. केळीच्या गाड्या आता येतील.
मी परवा पुण्याहून आले. दिवाळी अजून आठ दिवस लांब.
इतक्या लवकर का, कुणी विचारलं नाही
म्हणून मीही सांगितलं नाही.
बॅगेत प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आहे.
सोमवारपर्यंत दिला तर फीमधले साठ टक्के परत.

जूनमध्ये मला सगळं हवं होतं.
तत्त्वज्ञान, त्याला लागून अर्थशास्त्र,
सकाळी आकाशातले तारे, दुपारी मातीची भांडी.
माहितीपत्रकात एक मुलगी झाडाखाली बसून हसत होती.
वाटलं, तिला जे कळलंय ते मलाही कळेल.
आता मी त्याच झाडाखाली बसते.
निंबाचं नाही, चिंचेचं नाही, कुठलंसं परदेशी झाड.
मुंग्या फार.

वर्गात म्हणतात, प्रश्न विचारा.
माझा प्रश्न मनात इंग्रजीत जुळेपर्यंत
पुढच्या बाकावरच्या दोघी तो विचारून मोकळ्या होतात,
आणि माझ्याकडे उरतो तो
मोठ्यानं विचारण्यासारखा नसतो:
हे सगळं शिकून झाल्यावर
मला कामावर कोण ठेवेल?

लोकेश नेहेते जळगावला फार्मसीला गेला.
त्याला चार वर्षांनंतरच्या दुकानाच्या पाटीचा
रंगसुद्धा ठाऊक आहे.
मला तुझा हेवा वाटतो, मी म्हणाले.
मला तुझा, तो म्हणाला.
फोन ठेवला. कुणाचंच भागलं नाही.

पहिली गाडी चढते. लोखंड कण्हतं.
आकडे पळतात, थबकतात, थोडे मागे येतात.
ते थांबेपर्यंत पप्पा बटणाला हात लावत नाहीत.
ड्रायव्हर खिडकीत वाकतो, जम्मूला निघालाय.
"पुंडलिकभाऊ, पोरगी का? काय शिकून रायली वं?"
मी सांगते. सांगता सांगता ते लांबत जातं.
"मंग त्याचं पुढे काय व्हते?"
पप्पा पावती फाडतात. "तुह्या केळीचं पुढे काय व्हते?"
"खातात लोकं."
"हं," पप्पा म्हणतात.
मी त्या 'हं'ला बराच वेळ
उलटंपालटं करून पाहिलं.

गाडी गेल्यावर मी स्वतः काट्यावर उभी राहिले.
पाटीवर पन्नास.
मी सत्तेचाळीस आहे, पप्पा.
"तो दहादहानं मोजतो. सुटं त्याला कळत नाही."
मग अर्ज हातात घेऊन उभी राहिले. पन्नास.
अर्ज खाली ठेवून. पन्नास.

पहाटे मक्याचा ट्रॅक्टर, रिकामा होऊन परतलेला.
पोरगा घाईत. "पुन्हा कायले मोजता?
मांगच्या सालचं रिकामं वजन लावा ना."
"रिकामं वजनही बदलते रे," पप्पा म्हणाले,
"टायर झिजते, चिखल बसते,
पाटा बदलला असंल कोणी.
दोनदा चढल्याबिगर पावती नाही."
ते माझ्याकडे पाहत नव्हते.
त्यांना झोप आली होती.

मी जूनमध्ये रिकामी किती होते
ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात छपाईचा रोल संपला.
पप्पांनी टेबलावर हात फिरवला,
हाताला आलेल्या कागदाच्या पाठीवर
गाडीचा नंबर लिहिला, भरलेलं, रिकामं, मधली वजाबाकी,
खाली सही, वर शिक्का.
पुढची बाजू त्यांनी पाहिली की नाही
मला सांगता येणार नाही.
पोरानं घडी घालून खिशात टाकला
आणि माझं नाव, माझा रोल नंबर,
'कारण' या शब्दापुढची कोरी रेघ
यावलच्या दिशेनं निघून गेली.

फैजपूरला झेरॉक्सचं दुकान दहाला उघडतं.
दोन रुपयांत नवा निघेल.
आता सहा वाजलेत. पप्पा चहा आणायला गेलेत,
मला म्हणाले, काटा बघ.